रोजगार हमीनं गाव उभं राहतं, की नुसता उन्हाळा निघतो?

मुरूमखडी (धागालेखक)

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्यांच्या पगारपत्रकावर दरमहा 200 रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो, फेब्रुवारीत 300. वर्षाचे अडीच हजार. हा कर 1975 साली आला तो खेड्यातल्या रोजगार हमीचा खर्च भागवायला. जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्य सरकारनं आपल्या खिशातून घालायची, असं ठरलेलं. म्हणजे शहरातल्या पगारदारानं दुष्काळी गावातल्या मजुराचा रोज भरायचा. आज दहा पगारदारांना विचारलं तर नऊ जणांना हा कर कशाचा ते सांगता येणार नाही.

हे आठवलं कारण परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं, "सरकारी कामं म्हणजे खड्डे खणा आणि बुजवा." मी जलसंधारणाच्या कामावर शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. खड्डे मोजण्यातच नोकरी गेली, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला. गावात ज्याला काम पाहिजे त्याला सरकारनं काम द्यायचं, आणि ते काम शेती-पाण्याच्या उपयोगाचं असायचं. पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला. 1973 च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. त्यातून धडा घेऊन 1977 ला कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागणं हा हक्क झाला. देशभरासाठी केंद्राचा कायदा यायला 2005 उजाडलं.

आता खड्ड्यांकडे येतो. पाझर तलाव बांधताना आधी नाल्याच्या तळात चर खणून कठीण थरापर्यंत जायचं, तो चर चिकण मातीनं भरून दाबायचा, त्यावर मधला गाभा काळ्या मातीचा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग (अस्तर), कडेला सांडवा. माती ज्या खाणीतून काढायची तिथं मधे मधे मातीचे खांब न खोदता सोडून देतात. आठवड्याच्या शेवटी त्या खांबाला टेप लावला की किती खोल खणलं ते कळतं, त्यावर मजुरी. हुशार टोळी खांब नेमका उंचवट्यावर सोडते, हेही सांगून ठेवतो. दोन बोटं जास्त खोली मिळते. आम्ही बघायचो आणि पुढं जायचो.

पण खरी गोम तलावाच्या पोटात असते. खाली मांजऱ्या (सच्छिद्र) खडक किंवा भेगाळलेला मुरूम असेल तर पाणी झिरपून खालच्या अंगाच्या विहिरींना पोचतं. सलग काळा पाषाण असेल तर ते मार्चपर्यंत उन्हानं उडून जातं. दुष्काळी कामात जागा कशी ठरायची? मजूर कुठं बसून आहेत ते बघून. त्यामुळं एकाच वर्षी, एकाच पैशात, एकाच टोळीनं बांधलेल्या दोन तलावांपैकी एकाखाली आज बागा दिसतील आणि दुसऱ्यात म्हशी डुंबतील.

माझं म्हणणं एवढंच आहे. मजुरीनं माणूस गावात थांबतो. पण गाव उभं राहतं ते खणलेल्याला पुढं धनी आहे की नाही, यावर. तुमच्या गावचं लिहा.

---

पुणेकर_आकडेमोड

धागा चांगला, पण गुलाबी चष्म्यातून लिहिलाय. जलयुक्त शिवार या राज्याच्या पाणी अडवायच्या योजनेवर 9,600 कोटींच्या वर खर्च झाला आणि 2020 च्या कॅगच्या अहवालानं सांगितलं की भूजल पातळीत म्हणावी तशी वाढ नाही, टँकरही चालूच राहिले. हे झालं सार्वजनिक कामांचं फलित.

दुसरं, तुमचा लाडका हक्क. 1988 ला राज्यात किमान वेतन दुप्पट झालं, कायद्यानं रोहयोची (रोजगार हमी योजनेची) मजुरीही तेवढी वाढली. मग काय झालं? कामांवरची हजेरी घटली. सरकारनं कामंच कमी उघडली. खर्च नको झाला की हमी बाजूला, असा हा कारभार. खेड्यातली गरिबी कमी केली ती एसटीनं, एमआयडीसीनं आणि मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरनं.

---

मुरूमखडी

1988 बद्दल शंभर टक्के सहमत. कामं "शेल्फवर" तयार ठेवायची आणि मागणी आली की उघडायची, हा नियम. शेल्फच रिकामं ठेवलं की मागणी आपोआप "नाही" होते. हमी मोडायची असेल तर कायदा रद्द करावा लागत नाही.

पण जलयुक्तला रोहयोच्या खात्यात टाकू नका. तिथं बहुतेक खोदाई पोकलेननं झाली, आणि झाली ती नाल्यात, कारण यंत्र नाल्यात सोयीचं पडतं. पाणलोटाचं काम माथा ते पायथा करायचं असतं. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, सगळ्यात शेवटी नाला. वरचं सोडून खालीच खोलीकरण केलं की पहिल्या दोन पावसांत वरची माती येऊन खड्डा भरतो. डोंगरावर पोकलेन चढत नाही, माणूस चढतो. मजूर घ्यायचे ते निव्वळ दयेपोटी नाही हो, कामच तसं आहे.

---

बांधावरून

सांगोला तालुका. आमच्याकडं रोहयोनं काय केलं ते बघायचं असंल तर डाळिंब बघा.

1990 ला शासनानं फळबाग रोहयोत घातली. त्याआधी रोहयो म्हणजे दुसऱ्याच्या तलावावर माती वाहायची. इथं काय झालं, तर आपल्याच रानात खड्डे आपणच घ्यायचे, रोपं आपण लावायची, आणि त्याची मजुरी सरकार देणार. पैसे तीन वर्षांत हप्त्यानं. झाडं मोजायला माणूस येणार, जगलेली असली तरच पुढचा हप्ता. माझ्या वडिलांनी पहिल्या उन्हाळ्यात घागरीनं पाणी घातलंय प्रत्येक झाडाला. तलावाच्या कामावर असं कुणी केलं असतं का? नसतं केलं, आणि त्यात मजुराची चूकबी नाही.

मुरमाड, हलकी जमीन. बाजरी, मटकी याच्या पलीकडं काय नव्हतं. बाग धरली तसं व्यापारी बांधावर यायला लागले, पोरं शिकली, पत्र्याची घरं स्लॅबची झाली. नंतर डाळिंबावर तेल्या रोग आला आणि निम्म्या बागा काढायला लागल्या, ते दुखणं वेगळं. त्याची हमी कुठल्याच योजनेत नव्हती. पण जमिनीचं मोल त्या खड्ड्यांनी वाढवलं ते वाढवलंच.

---

कोकणी_काजू

बांधावरून यांना +१. आमच्या सिंधुदुर्गात त्याच योजनेतून कातळाच्या कडेकडेनं काजू लागला. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं शासनाच्याच वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची, खड्ड्याची मजुरी शासनाची, जमीन आमची वरकस (हलकी). जांभ्यात एक मीटरचा खड्डा मारणं म्हणजे काय ते ज्यानं मारला त्यालाच ठाऊक. पुढं बीवर प्रक्रिया करणारे छोटे कारखाने आले, त्यात काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका.

मात्र एक बोचतं. ज्याला जमीन त्याला बाग. आमच्या वाडीतली जी माणसं कुळ म्हणून कधी सातबाऱ्यावर लागलीच नाहीत, त्यांनी दुसऱ्याच्या जमिनीत खड्डे मारले आणि मजुरी घेऊन घरी गेली. सामाईक सातबाऱ्यावर पन्नास नावं आणि त्यातली चाळीस मुंबईत, अशांचंही घोडं संमतीपत्रावर अडलं.

---

कोयता_ते_कीबोर्ड

मी बीडचा. आईवडील ऊसतोड. आता पुण्यात आयटीत आहे, म्हणून इथं लिहायला वेळ आहे.

सगळे तलाव आणि बागांवर बोलताय. मला वेगळं विचारायचंय. रोहयो असताना आमच्या गावातून दर दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरून माणसं जातातच का? 2025-26 ला दर 312 रुपये होता. काम गावात, रात्री आपल्या घरात झोपायचं, पोरांची शाळा बुडत नाही. तरी लोक कोयताच का धरतात?

कारण उचल. मुकादम श्रावण-भाद्रपदातच हातात रोख ठेवतो. लग्नाचं देणं, दवाखाना, खताची उधारी, सगळं त्या उचलीत मिटतं. रोहयोची मजुरी काम झाल्यावर, मस्टर (हजेरीपट) भरल्यावर, मोजमाप झाल्यावर, वर निधी असल्यावर, बँकेत. कायद्यात पंधरा दिवस लिहिलंय. ज्याच्या घरात आज पीठ नाही त्याला पंधरा दिवसही लांब आहेत, आणि प्रत्यक्षात किती लागतात ते विचारू नका. मुकादम माणसाला लुबाडतो हे आम्हाला कळत नाही असं नाही. पण तो वेळेवर लुबाडतो.

माझ्या आईनं एकच हंगाम असा काढला की ती गेली नाही. त्या वर्षी शिवारातच नाला बांधाचं काम निघालं होतं आणि पगार दर आठवड्याला हातात होत होता. त्या वर्षी मुकादमाला उचल वाढवून द्यावी लागली, कारण माणसं मिळेनात. जी गेली त्यांनाही रोहयोचा फायदा झाला, न जाता. गाव उभं राहतं म्हणजे काय याची माझी व्याख्या हीच: मुकादमाला "नाही" म्हणता येणं.

---

पुणेकर_आकडेमोड

@कोयता_ते_कीबोर्ड, हा मुद्दा मान्य. मजुरीचा तळ वर उचलला जातो, हे अर्थशास्त्रातही धरतात. पण मग तलाव-बिलाव हवेत कशाला? थेट खात्यात पैसे टाका. मोजमाप नको, अभियंता नको, गैरव्यवहार नको.

---

कोयता_ते_कीबोर्ड

खात्यात टाकलेल्या पैशानं विहिरीला पाणी येत नाही, साहेब. पुढच्या वर्षी परत टाकावे लागतात, आणि निवडणूक झाली की टाकणारा आटतो.

---

आक्काची_नात

माझी आजी बहात्तरला खडी फोडायला होती. तिला दुष्काळाचं विचारलं की पहिल्यांदा सुकडी आठवते आणि मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकरी. ती भाकरी गिळताना घशात टोचायची, म्हणते. पण तिसरी गोष्ट ती हसत सांगते. लग्न होऊन दहा वर्षं झाली होती, शेतात राबतच होती, पण स्वतःच्या अंगठ्यावर पैसे मिळाले ते पहिल्यांदा त्या खडीवर. सासऱ्याच्या हातात न जाता. त्यातल्या पहिल्या आठवड्याच्या पैशाचं तिनं काय केलं ते कुणालाच सांगत नाही. मलाही नाही.

रोहयोच्या कायद्यात कामावर पाळणाघर, सावली, पिण्याचं पाणी द्यायची तरतूद आहे. किती ठिकाणी पाळणा बघितलात कुणी? एखाद्या बाभळीला साडीची झोळी, हेच पाळणाघर. तरी बायका येतात, कारण गडी-बाईचा दर सारखा असलेलं गावातलं हे एकमेव काम. आमच्याकडं खुरपणीला बाईला तीनशे आणि फवारणीला गड्याला पाचशे, आणि वर म्हणायचं हलकं काम आहे बायकांचं. ऊन काय हलकं लागतं का?

---

ग्रारोसे_बोलतोय

ग्राम रोजगार सेवक आहे, तालुका सांगत नाही. मोखाड्याच्या बाजूचा समजा.

वरचे सगळे बरोबर आहेत, पण आमच्या पातळीवरनं कसं दिसतं ते ऐका. 1 जानेवारी 2023 पासून हजेरी मोबाईलच्या ॲपवर, दिवसातून दोनदा, कामाच्या जागेवरचा फोटो. आमच्या पाड्यांवर रेंज कुठं आहे? टेकडीवर जाऊन फोटो चढवायचा तर फोटो टेकडीचा येतो. दुपारचा फोटो चढला नाही तर पूर्ण दिवस गेला, आणि शिव्या खायला मी. 2024 पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच. नावात एक वेलांटी इकडची तिकडं झाली की पैसे अडकले. हे सगळं भ्रष्टाचार रोखायला, असं सांगतात. ज्यांना जेसीबीनं काम करून मस्टरवर पाहुण्यारावळ्यांची नावं लावायची आहेत, ते फोटोला चाळीस माणसं उभी करतात आणि घरी पाठवतात. त्यांच्याकडं रेंज असते.

मजुरी आणि साहित्याचं 60:40 हे प्रमाण पाळायचं असतं. मजुरीचे पैसे निदान उशिरा का होईना येतात. विहिरीचा कुशल भाग, म्हणजे सिमेंट-खडी-बांधकामाचे पैसे, ते कधी येतील सांगता येत नाही. शेतकरी उसनवारीनं बांधकाम उरकतो आणि मग माझ्या दारात बसतो.

आणि तरीही सांगतो. ज्या पाड्यावर वेळेवर काम निघालं, तिथली माणसं त्या वर्षी भिवंडीच्या वीटभट्टीवर गेली नाहीत. शाळेचा पट दिवाळीनंतर टिकला. गुरुजी स्वतः येऊन मला विचारतात, पुढचं मस्टर कधी?

---

नॉक्सव्हिल_मधून

थोडं विषयांतर, पण लागू पडेल. मी राहतो तो भाग म्हणजे टेनेसी खोरं, तीसच्या दशकात अमेरिकेतला अगदी दरिद्री भाग. धूप होऊन गेलेल्या जमिनी, हिवताप, शेतावर वीज नाही. 1933 ला रुझवेल्टनं टीव्हीए (टेनेसी खोरे प्राधिकरण) काढलं. पहिलं नॉरिस धरण 1936 ला पूर्ण झालं, माझ्या घरापासून फार लांब नाही. त्यात हजारो कुटुंबं उठली, हेही इथले जुने लोक विसरलेले नाहीत. आपल्या दामोदर खोरे महामंडळाचा 1948 चा कायदा याच धर्तीवर झाला.

मला इथं जाणवलेली गोष्ट अशी की एकाच संस्थेकडं सगळं होतं. धरण, वीज, खताचा कारखाना, उजाड टेकड्यांवर झाडं, शेतकऱ्यांच्या रानावर खताची प्रात्यक्षिकं, इतकंच काय तर डासांची अंडी मरावीत म्हणून जलाशयाची पातळी वरखाली करणंसुद्धा. धरण बांधणारा आणि धरणाखालच्या शेताची चिंता करणारा एकच. मुरूमखडी काका, आपल्याकडं तलाव बांधणारा, झाडं लावणारा आणि वीज जोडणी देणारा हे तिघं एकमेकांना ओळखतात का?

---

मुरूमखडी

ओळखतात, मंत्र्यांच्या दौऱ्यात भेट होते.

थट्टा सोडा. डोंगर वन विभागाचा, उतार कृषीचा, नाला आमचा, आणि गाळ कुणाचाच नाही. तलाव बांधून हस्तांतरित झाला की देखभालीच्या खर्चाचं शीर्षक शोधत फिरावं लागतं. सत्तरच्या दशकातले किती पाझर तलाव आज निम्म्यावर गाळानं भरलेत. 2017 ला गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार आलं, शेतकऱ्यानं स्वतःच्या खर्चानं गाळ वाहून न्यायचा. तिथं माणसं आपणहून रांगेत उभी राहिली, कारण गाळ आपल्या रानात पडणार होता. बांधावरून म्हणतात तेच. झाड आपलं, म्हणून घागर.

जिथं ही सगळी खाती एका जागी आली ते उदाहरण नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर) हिवरे बाजार. 1989 ला पोपटराव पवार सरपंच झाले. तिथं वेगळा असा कुबेराचा खजिना नव्हता. जे इतर गावांना उपलब्ध होतं तेच, रोजगार हमी, वनीकरण, पुढं आदर्श गाव योजना. फरक असा की कुठलं काम कुठं करायचं ते ग्रामसभेनं ठरवलं, खात्यानं नाही. डोंगरावर चर खणले आणि लगोलग चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली. पाणी वाढल्यावर जे इतर गावं करतात ते केलं नाही. शेतीला बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मगच रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. गाव सोडून गेलेली कुटुंबं परत आली.

---

पुणेकर_आकडेमोड

एक पोपटराव पवार. बाकी चाळीस हजार गावांचं काय? धोरण संतांवर चालत नाही.

---

बांधावरून

आमच्या तालुक्यात डाळिंब लावायला कुठला संत आला नव्हता. झाड जगलं तर पैसे, असा जीआर होता. जीआर नीट लिहिला की साध्या माणसाकडनंबी काम होतं.

---

मुरूमखडी

बांधावरून, हे वाक्य मी नोकरीत असताना वरच्या साहेबांना ऐकवायला पाहिजे होतं.

पुणेकर, दोन्ही लागतं. पण हिवरे बाजारातलं जे नियमात बसवता येण्यासारखं आहे ते कुणी बसवलं नाही. जागा भूजलवाल्यांनी दाखवायची आणि ग्रामसभेनं निवडायची. पाणी आल्यावर बोअरला आळा नसेल तर पुढचं काम मंजूर करायचं नाही. बारमाही पाणी आलेल्या किती तरी गावांत पाच वर्षांत ऊस आला आणि दहा वर्षांत पुन्हा टँकर. तलाव तोच, मजुरीही तीच गेलेली.

---

आक्काची_नात

तात्त्विक चर्चा चालू द्या, मला एक अगदी साधी मदत हवी आहे. आमच्या गावात यंदा बारा-तेरा बायकांना काम पाहिजे. ग्रामपंचायतीत गेलं की म्हणतात, "सध्या काम नाही, निघालं की सांगू." काय करायचं?

---

ग्रारोसे_बोलतोय

ताई, तोंडी मागितलं तर मागितलंच नाही असं धरतात. नमुना ४ भरा. सगळ्या जणींनी एकत्र भरलात तर उत्तम. जॉबकार्ड नंबर, किती दिवस काम पाहिजे, कुठल्या तारखेपासून, सही किंवा अंगठा. सलग चौदा दिवसांपेक्षा कमी मागू नका. त्याची पोच म्हणजे नमुना ५, तारखेसकट, हातात घेतल्याशिवाय उठू नका. पोच देत नसतील तर तोच अर्ज तहसीलमध्ये द्या, आपल्याकडं तहसीलदारच कार्यक्रम अधिकारी असतात.

पोचेच्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता लागू होतो, पहिले तीस दिवस मजुरीचा चौथा हिस्सा, पुढं निम्मा. भत्ता मिळालेली माणसं मी फार बघितली नाहीत. पण भत्ता राज्याच्या खिशातून जातो, म्हणून पोच हातात पडली की काम मात्र निघतं. काम पाच किलोमीटरच्या बाहेर दिलं तर दहा टक्के जास्त मजुरी, तेही अर्जावर लिहून ठेवा.

---

आक्काची_नात

धन्यवाद दादा. सोमवारी जाते. नमुना ४ ग्रामपंचायतीत मिळतो का, की झेरॉक्स काढून न्यायचा?

---

ग्रारोसे_बोलतोय

झेरॉक्स काढूनच न्या. पंचायतीत विचारलंत तर संपलेत म्हणतील.